आलेख चढतो तेव्हा

पावसाळा सुरू झाला की माझ्या पडद्यावर 'डेंग्यू' या शब्दाचा आलेख वर चढायला लागतो, आणि मला बरं वाटतं. हे वाक्य खोडून त्या जागी जरा सभ्य वाक्य लिहावं, असं लगेच वाटलं. पण खरं तेच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये 'डेंग्यूची लक्षणे', 'प्लेटलेट कशा वाढवायच्या' हे शोध वाढतात, माझ्या जुन्या लेखावर पुन्हा वर्दळ सुरू होते, जाहिरातींचे पैसे जमतात, क्लायंट खूश होतो. त्या आकड्यांमागे कुणाचं तरी पोर तापाने फणफणलेलं आहे, हे मला कळत नाही असं नाही. चांगलं कळतं. पण ते कळणं आणि बरं वाटणं ही दोन्ही कामं माझ्यात एकाच वेळी चालू असतात, एकमेकांच्या आड न येता. टोचतं ते हेच.

आमच्या धंद्यात याला 'सर्च व्हॉल्यूम' म्हणतात. महिन्याला किती जणांनी हा शब्द शोधला, त्यावर स्पर्धा किती, जाहिरातदार एका क्लिकला काय मोजायला तयार आहे, असे रकाने असलेली एक एक्सेल शीट असते. 'मुतखडा', 'पीसीओडी', 'कर्ज फेडता येत नसेल तर', 'घटस्फोट अर्ज नमुना'. माणूस जे बायकोला सांगत नाही, डॉक्टरला सांगायला लाजतो, ते रात्री त्या खिडकीत टाइप करतो. आणि मी सकाळी ती शीट उघडून आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावतो. ज्या चिंतेने जास्त माणसं बेजार, ती आधी. हे सेवाभावाचं गणित असतं तर किती छान झालं असतं! लोकांच्या शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधता येईल, या आशेने गूगलने २००८ साली 'फ्लू ट्रेंड्स' सुरू केलं होतं. अंदाज फसत गेले आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. निदान तिथे साथ आधी कळावी, असा हेतू तरी होता. माझा?

लेख लिहायला बसतो तेव्हा मी नेमकं काय करतो, तेही सांगून टाकावं. आधी तोच शब्द शोधून वर आलेले लेख उघडतो. एकातली उपशीर्षकं, दुसऱ्यातली यादी, तिसऱ्यातले 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं उचलत जातो आणि वाक्यं फिरवतो. माझ्या लेखात एकही वाक्य चोरलेलं नसतं आणि एकही वाक्य माझं नसतं. आता शोधयंत्र स्वतःच वरच्या वर उत्तर जुळवून दाखवायला लागलं आहे, तर आम्ही मंडळी गळा काढतो की आमचं लिखाण फुकट वापरलं. आमचं? मी तरी तेच करत होतो ना, फक्त सावकाश?

मग कीवर्ड पेरायचा. शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, एका तरी उपशीर्षकात, चित्राच्या वर्णनात, शेवटी पुन्हा. एक प्लगइन हे सगळं तपासतं आणि मनासारखं झालं की हिरवा दिवा दाखवतं. त्या हिरव्या दिव्याची मला सवय लागली आहे. कधीकधी शंका येते, मी वाचकासाठी लिहितो, गूगलसाठी लिहितो, की त्या दिव्यासाठी? कारण गंमत अशी आहे की त्या प्लगइनला मराठी येत नाही. कीवर्ड 'पुणे' असेल आणि मी 'पुण्यात' लिहिलं, तर ते मोजलं जात नाही. सामान्यरूप हा प्रकार त्याला ठाऊकच नाही. मग मी काय करतो? 'पुणे मध्ये' लिहितो. 'नाशिक मधील सर्वोत्तम', 'मुले साठी आहार', 'केस गळणे वर उपाय'. तीन वर्षांचं पोरही 'पुणे मध्ये' म्हणत नाही. मी मराठीत एम. ए. केलेला माणूस, मी म्हणतो. आणि वर चारचौघांत मराठीची दुर्दशा झाली म्हणून हळहळतो. गूगलने भाषा समजून घेण्याची आपली 'बर्ट' ही पद्धत डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून जास्त भाषांमध्ये आणली, त्यांत मराठीही होती. म्हणजे यंत्र माझी भाषा शिकायला निघालं, आणि मी ती त्याच्यासाठी मोडत बसलो.

'काय करणार, गूगलला हेच लागतं.' हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलं आहे की ते मला खरंच वाटायला लागलं होतं. मग एकदा या शोधाच्या विद्येचा इतिहास वाचायला घेतला. धंद्यासाठीच घेतला होता, उगाच मोठेपणा नको. आणि माझी सबब एकेक पानागणिक पातळ होत गेली.

कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९७२ सालीच मांडून ठेवलं आहे की एखादा शब्द जितक्या कमी मजकुरांमध्ये सापडतो, तितकं शोधात त्याचं वजन जास्त. जो शब्द सगळीकडेच आहे, त्याने काहीच वेगळं ओळखता येत नाही. आणि माझ्या शीर्षकांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द कोणते? 'संपूर्ण माहिती'. गणेशोत्सवाची संपूर्ण माहिती, थायरॉइडची संपूर्ण माहिती, पीकविम्याची संपूर्ण माहिती. मराठी इंटरनेटवर प्रत्येक जण संपूर्ण माहिती देतो आहे. त्या बाईंच्या गणिताने या दोन शब्दांची किंमत शून्याच्या आसपास भरेल. शिवाय ते खोटंही आहे. थायरॉइडबद्दल मला संपूर्ण काय, अर्धीसुद्धा माहिती नाही. मला वरच्या दहा लेखांची माहिती आहे.

पुढे १९९० च्या दशकात लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून 'बीएम२५' नावाचं सूत्र तयार झालं. शोधाच्या जगात ते अजूनही वापरात आहे. त्यात एक साधी गोष्ट बसवलेली आहे. शब्द पहिल्यांदा आला की मजकुराचं वजन चांगलं वाढतं, दुसऱ्यांदा आला की त्याहून कमी वाढतं, आणि दहाव्यांदा, विसाव्यांदा येईपर्यंत जवळजवळ काहीच वाढत नाही. मजकूर सरासरीपेक्षा फुगलेला असेल, तर उलट त्यातल्या प्रत्येक शब्दाचं वजन उतरतं. म्हणजे मी या धंद्यात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी गणितवाल्यांनी माझ्यासारख्यांचा बंदोबस्त करून ठेवला होता! पानाच्या कोडमध्ये लपवून कीवर्डची यादी द्यायची जी जागा असते, तिचा क्रमवारीसाठी आम्ही वापर करत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं. बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळाने 'जुन्या गाड्या' या अर्थाचा शब्द ठासून भरलेली, फक्त यंत्राला दाखवायची पानं बनवली, तेव्हा २००६ साली गूगलने एवढ्या मोठ्या कंपनीलाही शोधातून उचलून बाहेर ठेवलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल आला तो पोकळ, भरताड मजकूर खाली ढकलण्यासाठीच.

यंत्र इतकी वर्षं ओरडून 'नको' म्हणत असेल, तर 'गूगलला हेच लागतं' हे मी कुणाच्या वतीने बोलत होतो?

माझ्याच. कीवर्ड किती वेळा आला, हे मोजता येतं. अहवालात घालता येतं. क्लायंटसमोर बसून बोट ठेवून दाखवता येतं. लेख वाचून कुणाला काही कळलं का, हे दाखवता येत नाही. ज्याचा आकडा येतो तेच काम मी काम समजत गेलो, कारण आकडा असला की माझ्या लायकीबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. मीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर हे सगळं फारच सोज्ज्वळ होईल. ही भरताड पुष्कळदा चालते. इंग्रजीत तितकी चालत नसेल. मराठीत एखाद्या आजाराबद्दल किंवा कायद्याबद्दल नीट, सोपं, जबाबदारीने लिहिलेलं इतकं थोडं सापडतं की माझा पातळ लेखही वर दिसतो. वासरात लंगडी गाय शहाणी. त्या लंगडेपणावर माझं घर चालतं. मग मराठीत चांगला मजकूर वाढावा, असं मला मनापासून वाटतं का? सभेत विचारलं तर हो म्हणेन. इथे जरा अडखळतो आहे.

सगळ्यात जास्त अडखळतो ते 'हप्ता कधी येणार' या कीवर्डपाशी. राज्य सरकारने २०२४ च्या जुलैपासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू केली. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बायकांना महिना १५०० रुपये. तेव्हापासून दर महिन्याला हा प्रश्न आमच्यासाठी पिकत आला आहे. उत्तर सरकारने जाहीर करेपर्यंत कुणाकडेच नसतं. पण शोध तर चालू असतात! मग मी लेख लिहितो. शीर्षकात 'मोठी अपडेट'. पहिला परिच्छेद योजनेचं कौतुक, दुसरा पात्रता, तिसरा कागदपत्रं, मध्ये 'हप्ता कधी येणार' हे शब्द पुन्हा पुन्हा, आणि अगदी तळाशी एक ओळ: याबाबत अद्याप अधिकृत घोषणा झालेली नाही. ती ओळ वर टाकली असती तर लेख तिथेच संपला असता. तळाशी टाकली म्हणून बाईला अंगठ्याने सरकवत सरकवत खालपर्यंत यावं लागतं, आणि वाटेत चार जाहिराती दिसतात. दीड हजार रुपयांसाठी जिला मोबाइलमध्ये पुन्हा पुन्हा बघावं लागतं, तिच्या त्या बघण्यातून मी पैसे काढले. यात बेकायदेशीर काही नाही. खोटं एक अक्षरही नाही. म्हणूनच तर इतके दिवस निभावलं.

इतकं झाल्यावर सोपा रस्ता एकच उरतो. कीवर्ड म्हणजे पाप, खरा लेखक शब्द मोजत नाही, असं म्हणून हात झटकायचे. पण मला तेही पटत नाही, आणि त्याचं कारणही माझ्याच एका खोडीत आहे. सुरुवातीला मी 'मधुमेह' लिहायचो. शीटमध्ये दिसायचं की माणसं 'शुगर' शोधतात. 'शुगर किती असावी', 'जेवणानंतर शुगर'. पुष्कळ जण तर मराठीच, पण रोमन लिपीत टाइप करतात. मला ते गावंढळ वाटायचं. मी हट्टाने 'मधुमेह', 'रक्तशर्करा', 'उपाशीपोटीची रक्तशर्करा' लिहीत राहिलो आणि त्याला भाषेची सेवा समजलो. माझे लेख कुणी वाचत नव्हतं तेव्हा मला वाचकांचीच कीव यायची! दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस 'माझी रक्तशर्करा वाढली' असं कधी म्हणालाय? त्याचा शब्द मी घेत नव्हतो, कारण तो घेतल्याने मी शिकलेला दिसलो नसतो. ती शीट नसती तर हा ताठा माझ्या लक्षातही आला नसता. तिने मला खाली आणलं, हे तिचं ऋण आहे.

आणि शोधलं जावं ही भूक सगळीच वाईट म्हणता येत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांची कितीतरी संकेतस्थळं आपापल्या खास फाँटमध्ये असत. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसायची, पण आत यंत्राला मिळायची ती अर्थ न लागणारी रोमन अक्षरं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, तरी आपण तिथे उशिरा पोचलो. तोवर जे लिहिलं गेलं, ते शोधणाऱ्याच्या लेखी नव्हतंच. चांगला मजकूर कुणाला सापडलाच नाही तर त्याचा काय उपयोग? ज्याला मदत हवी, त्याच्याच शब्दांत मजकूर बांधणं, शीर्षक त्याला ओळखू येईल असं देणं, यात मला आजही काही हीन दिसत नाही.

मग माझं चुकतं कुठे? पुन्हा डेंग्यूकडे जावं लागतं.

माणसं शोधतात 'प्लेटलेट वाढवण्याचे उपाय'. म्हणून माझ्या लेखाचं नाव तेच. आत पपईच्या पानांचा रस, किवी, डाळिंब, बीट. पण डेंग्यूच्या रोग्याजवळ बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं ते वेगळंच आहे. ताप उतरतो, घरचे 'सुटलो' म्हणतात, आणि नेमके त्यानंतरचे एक-दोन दिवस धोक्याचे असू शकतात. पोटात सतत जोराचं दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा, गुंगी यांपैकी काही दिसलं तर तडक दवाखाना. अंगदुखीवर मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. हे माझ्या लेखात नव्हतं का? होतं. तिसऱ्या जाहिरातीच्या खाली, 'घ्यावयाची काळजी' या उपशीर्षकात. कारण 'ताप उतरल्यावर धोका' असं कुणी शोधत नाही, त्या रकान्यात आकडाच नाही. पण कसा असेल? जे ठाऊकच नाही, ते माणूस शोधणार तरी कसं?

आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये कुणी 'अशक्तपणाची गोळी द्या' म्हटलं की मालक गोळीकडे हात नेण्याआधी विचारतो, 'ताप किती दिवस आहे? लघवीला नीट होतंय ना?' गिऱ्हाईक वैतागतं. त्याने गोळी मागितलेली असते, प्रश्न नव्हे. मी त्याच्या जागी असतो तर गोळ्यांच्या सात प्रकारांची संपूर्ण माहिती दिली असती.

कीवर्डमधून मला माणसाचा प्रश्न कळतो. त्याची गरज त्या प्रश्नाच्या पलीकडे कुठेतरी असते, आणि तिथपर्यंत जायला विषय कळावा लागतो, वेळ द्यावा लागतो, जाणत्या माणसाला फोन करावा लागतो. मी हे टाळत आलो. प्रश्नाचेच शब्द मी माणसाला वीस वेळा परत ऐकवले. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, असं त्याला त्यामुळे वाटतही असेल. ते जास्तच वाईट.

गेल्या पावसाळ्यात मी तो लेख बदलला. शीर्षक तेच ठेवलं, पण धोक्याची लक्षणं पहिल्या ओळींत आणली, रस आणि फळं खाली नेली. लेखावर थांबण्याचा वेळ घटला, आणि क्लायंटने विचारलं की असं का झालं. वाचणारा पहिल्या ओळींत हवं ते मिळालं म्हणून उठून गेला, की हवं ते नाही म्हणून दुसरीकडे गेला? आकडा दोन्हींचा सारखाच दिसतो.

आणि इथे आणखी एक किडा वळवळतो. गूगलने ऑगस्ट २०२२ मध्ये 'उपयुक्त मजकूर' वर आणण्यासाठी बदल जाहीर केला, मार्च २०२४ मध्ये तो मुख्य क्रमवारीतच मिसळून टाकला. माणसांसाठी लिहा, यंत्रासाठी लिहू नका, असं आता यंत्रच सांगतं आहे. माझी सद्बुद्धी जागी झाली तीही नेमकी त्यानंतरच. मी सुधारलो, की नियम बदलला म्हणून वळलो? उद्या पुन्हा भरताडीला बक्षीस मिळायला लागलं, तर ही सगळी पश्चात्तापाची भाषा किती दिवस टिकेल? मित्राला हे विचारलं तर तो म्हणाला, काम चांगलं झालं ना, मग कशामुळे झालं याला काय महत्त्व. वाचकापुरतं त्याचं बरोबर आहे. माझ्यापुरतं, ठरवता येत नाही.

सध्या शीटमध्ये पुढचा शब्द आहे, 'मुतखडा घरगुती उपाय'. आकडा चांगला आहे. दुखण्याबरोबर थंडीताप असेल किंवा लघवीच बंद झाली असेल तर घरी थांबू नका, ही ओळ या वेळी सगळ्यात वर टाकली आहे. एका ओळखीच्या डॉक्टरांकडून लेख वाचूनही घेतला, त्यांनी निम्मे उपाय खोडले. 'उपाय मध्ये'चं 'उपायांमध्ये' केलं, तेव्हा दिवा पिवळा झाला. तो तसाच राहू दिला. शीर्षकातला 'रामबाण' मात्र अजून काढलेला नाही. तो काढला तर पहिल्या पानावरून खाली जाईन, अशी भीती वाटते, आणि लेख उद्या द्यायचा आहे.